आधी पाय, मग चेहरा: चिनी वेषांतराची गोष्ट खानदेशी रंगमंचावर उभी करताना

वहीगायन या खानदेशी लोककलेच्या फडात किंवा तमाशात बाईचं काम करणारा गडी आरशासमोर बसला की आधी दाढी घोटून काढतो, मग रंग, मग कुंकू, मग गंगावन आणि शेवटी लुगडं. पायांकडे कुणाचं लक्ष नसतं. घुंगरू बांधले की पायांचं काम झालं. मिंग-चिंग काळातली, म्हणजे 1368 ते 1912 या काळातली चिनी गोष्ट करायची असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. त्या समाजात समोरचं माणूस बाई आहे की बाप्या, हे चेहऱ्यापेक्षा पायावरून ठरायचं.

पू सोंगलिंग (1640–1715) यांची येन नावाच्या बाईची एक कथा आहे. नवरा परीक्षेत सारखा नापास होतो म्हणून ती पुरुषवेष घेऊन स्वतःच परीक्षेला बसते, पास होते, मोठी अधिकारी होते. मिंग राजवट कोसळल्यावर ती जावेला खरं काय ते सांगते. जावेचा विश्वास बसत नाही. तेव्हा येन केस सोडून दाखवत नाही, बूट काढून दाखवते. आत बांधलेला लहानसा पाय, आणि बुटातली उरलेली जागा कापसाने ठासून भरलेली. शिंप्याला आणि बूट करणाऱ्या कारागिराला काम सांगण्याआधी ही गोष्ट ऐकवा. निम्म्या शंका तिथेच फिटतात.

पुढची मापं 165 ते 170 सेंमी उंचीच्या कलाकारासाठी आहेत आणि युवारंग या विद्यापीठाच्या युवक महोत्सवातल्या एकांकिकेला किंवा गावातल्या हौशी फडाला परवडेल असाच माल धरला आहे. कापड, अस्तर, गंगावन, फोम शीट हे सगळं जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मिळतं.

साल ठरवल्याशिवाय कापड घेऊ नका

1644 साली मिंग राजवट गेली आणि मांचूंची चिंग राजवट आली. 1645 मध्ये हुकूम निघाला: प्रत्येक हान (म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातल्या) पुरुषाने कपाळाकडचं डोकं भादरायचं आणि मागे वेणी घालायची, नाहीतर डोकंच जायचं. पुरुषांचा अंगरखाही मांचू धर्तीचा झाला. बायकांवर मात्र कपड्यांची तशी सक्ती झाली नाही. पाय बांधायला बंदी करून पाहिली, पण ती 1668 मध्ये मागे घ्यावी लागली. त्यामुळे चिंग काळात एकाच घरात नवरा मांचू कपड्यात आणि बायको जुन्या मिंग पद्धतीच्या वर झगा, खाली घागरा अशा दोन तुकड्यांत, असं चित्र दिसायचं. मांचू बायकांचं वेगळंच. त्या पाय बांधत नसत, पायघोळ एकसंध झगा घालत आणि उंच लाकडी टाचेचे बूट वापरत. ही टाच पायाच्या मध्यभागी असते, मागे नाही.

रंगमंचाने अजून एक गुंता करून ठेवला आहे. चिंग काळातही चिनी नाटकातली पात्रं बहुतेक मिंग धाटणीच्या कपड्यातच वावरायची. म्हणून मुलान (पुरुषवेषात युद्धावर जाणारी) किंवा चू यिंगताय (पुरुषवेषात शिकायला जाणारी) करत असाल तर मिंग कपडे घ्या, वेणी नको. क्रांतिकारक च्यू चिन (1875–1907) हिच्यावर नाटक करत असाल तर भोवतालच्या पुरुषांना वेणी हवीच, आणि तिला स्वतःला पाश्चात्य पद्धतीचा पुरुषी सूट आणि टोपी. त्या वेषातला तिचा फोटो प्रसिद्ध आहे. चू यिंगताय मिंग झग्यात आणि तिच्या शेजारी वेणीवाला विद्यार्थी, ही चूक स्पर्धेत सर्रास दिसते.

फॅन्सी ड्रेसच्या दुकानात ‘चायनीज’ म्हणून मिळणारा अंगाला घट्ट, बाजूने चिरलेला झगा घेऊ नका. तो 1920 नंतरच्या शांघायचा आहे. सोबत देतात ती शंकूसारखी टोपी दुकानातच राहू द्या.

बाप्याचा पाय बाईचा करताना

मुलगी पाच-सात वर्षांची झाली की अंगठा सोडून बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडून सुमारे 5 सेंमी रुंद आणि 3 मीटर लांब सुती पट्टीने पाय आवळत. आदर्श लांबी तीन चिनी इंच, म्हणजे साधारण 10 सेंमी. प्रत्यक्षात बहुतेकींचे पाय त्याहून मोठे असत, पण बूट, पट्टी आणि पायजम्याची मोहरी यांच्या जोरावर ते लहान भासवले जात. यातला भासवण्याचा भाग आपल्या कामाचा. आवळण्याचा भाग नाही: कलाकाराचा पाय कोणत्याही पट्टीने खरोखर आवळायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

राजधानीत बायकांना जाहीर रंगमंचावर येण्याची बंदी असल्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. 1779 मध्ये सिचुआनचा नट वेई छांगशंग बीजिंगमध्ये आला आणि त्याने लाकडी पायांची चाल तिथे गाजवली. चिनीत याला छ्याव म्हणतात. रचना अशी: एक तिरपी लाकडी पट्टी, तिच्यावर नटाचं पाऊल जवळजवळ उभं बांधलेलं, आणि खाली टोकाला बोटभर लांबीचा लाकडी पाय. त्या टोकावर लहान भरतकाम केलेला बूट चढवायचा, आणि खरं पाऊल लांब मोहरीखाली झाकायचं. म्हणजे नट दोन तास चवड्यावर उभा. शिकाऊ मुलांना विटेवर उभं करून उदबत्ती जळून संपेपर्यंत तोल धरायला लावत. गंमत अशी की पाय बांधलेली खरी बाई टाचेवर भार देऊन चालायची आणि हा नट बोटांवर. रंगमंचाने चाल उलटी केली आणि प्रेक्षकांनी तीच खरी मानली.

छ्याव करून बघायचा मोह सोडा. वर्षानुवर्षांच्या तालमीशिवाय त्यावर घोटा मुरगळतोच. त्याऐवजी पुढचा बूट करून घ्या. तो चांगला कारागीर एका दिवसात करतो.

काळा कॅनव्हासचा बूट घ्या, कलाकाराच्या मापाचाच. तळाला फोम शीटची पाचर चिकटवून घ्या: टाचेखाली 5 सेंमी, चवड्याखाली 1 सेंमी. टाच 6 सेंमीच्या वर नेऊ नका. आता खोटं टोक. फोमचे थर एकावर एक चिकटवून 9 सेंमी लांब, मागे 4.5 सेंमी रुंद आणि पुढे निमुळतं होत किंचित वर वळलेलं टोक कापा. त्याला लाल साटीन चढवा, वर बारीक फूल भरा. हे टोक बुटाच्या पुढच्या भागावर असं बसवा की 4 सेंमी बुटावर राहील आणि 5 सेंमी पुढे येईल. नुसत्या रबर सोल्युशनवर भरवसा ठेवू नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44–45 ला टेकतो, आणि दिवसभर टेम्पोत तापलेलं सोल्युशन मऊ पडून टोक हातात येतं. नायलॉनच्या दोऱ्याने चार ठिकाणी टाके घालाच.

वरून पायजमा. त्याची मोहरी घोट्याखाली 8 सेंमी जास्त ठेवा आणि तळव्याखालून जाणारी इलॅस्टिकची पट्टी लावा. मोहरी काळ्या बुटावर पडून राहते आणि बाहेर फक्त लाल टोक दिसतं. पहिल्या रांगेतून बघून घ्या. काळा बूट दिसत असेल तर मोहरी अजून 2 सेंमी वाढवा. टोक मोठं करू नका.

चाल ही खरी मेहनत. आपल्या नटांची सवय काष्ट्याची असते. नऊवारीत पाय मोकळे, ढांग मोठी, ठेका टाचेने. या घाघऱ्यात तसं चाललं की दोन पावलांत सगळं उघडं पडतं. गुडघ्यांमध्ये घडी केलेला रुमाल धरून चालायची तालीम घ्या. रुमाल पडला नाही तर पाऊल आपोआप 20 सेंमीच्या आत येतं. खांदे हलू द्यायचे नाहीत. सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरे, पोटऱ्या भरून आल्या तर थांबा. गावातल्या स्टेजला फळ्यांमध्ये फटी असतात आणि हे टोक नेमकं फटीत अडकतं, तेव्हा सतरंजी पसरून तिच्या कडा खिळ्यांनी ठोकून घ्या. सुटी सतरंजी फटीपेक्षा वाईट.

बाईचा पाय बाप्याचा करताना

हे तुलनेने सोपं आहे, पण बुटाचा तळ नीट झाला पाहिजे. चिनी रंगमंचावरचा पुरुषी बूट काळ्या साटीनचा, पोटरीपर्यंत उंच आणि जाड पांढऱ्या तळाचा असतो. मुलीचं पाऊल 22–23 सेंमी असेल तर बूट 27 सेंमीचा करा. तळासाठी 1 सेंमी जाडीचे फोमचे पाच थर. खालचे दोन थर चवड्याच्या पुढे तासून टोक जमिनीपासून 1.5 सेंमी उचललेलं ठेवा. जाड तळ वाकत नाही, म्हणून हा उतार नसेल तर मुलगी चिखलातून चालल्यासारखी पाय आपटत चालते. तळाच्या कडेला पांढरा रंग दोन हात द्या, प्रयोगाआधी पुसून तिसरा. मैदानावरच्या काळ्या मातीत हा रंग अर्ध्या तासात मळतो, म्हणून स्टेजवर पाऊल टाकेपर्यंत बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ठेवा.

पुढच्या रिकाम्या जागेत नुसता कापूस भरला तर तो दहा मिनिटांत दबतो आणि पाय पुढे सरकतो. टोकात फोमचा 4 सेंमीचा ठोकळा बसवा. कापूस फक्त त्याच्यावर, आणि तोही बूट काढायचा प्रसंग असेल तरच.

तो प्रसंग असेल तर नीट बसवा. पुरुषवेषातली बाई ओळखली जाते ती बूट काढल्यावर, ही कल्पना चिनी कथांना फार प्रिय. छन दुआनशंग हिने 18व्या शतकात रचलेल्या दीर्घ काव्यकथेतली मंग लीच्युन पंतप्रधान होते, आणि तिलाही दारू पाजून, झोपेत बूट काढूनच पकडतात. स्टेजवर अडचण अशी येते की घामाने बूट निघत नाही, दोन जणी ओढतात आणि मांडव हसतो. उपाय: आत सुती मोजा आणि भरपूर पावडर, आणि बुटाच्या मागच्या शिवणीत वेल्क्रो. बूट निघाल्यावर पाय दाखवायचा नाही, कारण 23 सेंमीचा पाय कितीही पट्ट्या गुंडाळा, लहान दिसत नाही. बूट उलटा धरा, कापूस खाली पडू द्या, आणि त्याच क्षणी पाय झग्याखाली ओढून घ्या. प्रेक्षकाने बघायचा तो कापूस.

मुलानचं नाटक करणाऱ्यांनी नाटककार शू वेई (1521–1593) यांची मांडणी लक्षात घ्यावी. त्यांची मुलान युद्धावर जाण्याआधी पायाच्या पट्ट्या सोडते, आणि तिला काळजी पडते की परत आल्यावर लग्न कसं होणार. मग आठवतं की पाय पुन्हा लहान करायचा उपाय आपल्या घरात आहे. मूळ मुलानच्या काळात पाय बांधायची चालच नव्हती. पण 16व्या शतकातल्या प्रेक्षकाला पट्टीशिवाय बाई दिसतच नव्हती, म्हणून नाटककाराने ती घातली. तुम्ही तिचा वापर करा. मेडिकलमधली 6 सेंमी रुंदीची सुती पट्टी चहाच्या पाण्यात बुडवून मळकट करा, मोज्यावरून सैल गुंडाळा, आणि सोडताना घाई करू नका. 3 मीटर पट्टी सावकाश उलगडायला जवळजवळ मिनिट लागतं. त्या मिनिटात संवाद ठेवू नका.

छाती, नितंब, गाद्या: काही नको

नाच्याच्या वेषाची सवय असलेले लोक इथे हमखास चुकतात. आपल्याकडे बाई उभी करायची तर चोळी भरायची, कमरेला गाद्या बांधायच्या. मिंग-चिंग बाईचे कपडे अंगाचा आकार दाखवत नाहीत, लपवतात. झगा इंग्रजी टी अक्षरासारखा सपाट कापलेला, बाही आणि धड एकाच कापडात, खांद्यावर शिवणच नाही. बाहीला जोड येतो तो दंडाच्या मध्यावर. गड्याचा रुंद खांदा यात आपोआप विरघळतो. खांद्यावर शिवण घेऊन बाही जोडली की खांदा पुन्हा उभा राहतो, आणि टेलर सवयीने तशीच जोडतो. त्याला कागदावर आकृती काढून द्या.

झगा बायकांचा असो की पुरुषांचा, डावा पदर उजव्यावर येतो आणि उजव्या बगलेखाली बंद होतो. उलटं केलं तर मेलेल्या माणसाचा वेष होतो. मिंग असेल तर बंद, बाराबंदीसारखे. चिंग असेल तर कापडी गाठीची बटणं. गड्याच्या गळ्याची घाटी झाकायला उभी कॉलर घ्या. 1900 नंतरचा काळ असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तेव्हा गालाला टेकणाऱ्या उंच कॉलरची फॅशनच होती.

घागरा

याला चिनीत घोडमुखी घागरा म्हणतात. पुढे-मागे सपाट पट्टा आणि दोन्ही बाजूंना चुण्या. तो नेहमीच्या घाघऱ्यासारखा गोल नसतो. दोन वेगळे तुकडे एकाच नेफ्यावर चढवलेले असतात आणि तो गुंडाळून नेसतात.

कंबर 82 सेंमी धरू. सपाट पट्टा 25 सेंमीचा. 82 मधून पुढचा आणि मागचा पट्टा, म्हणजे 50 वजा केले की उरतात 32. एका बाजूला 16. तेवढ्या जागेत 16 चुण्या, प्रत्येकी दिसणारी 1 सेंमी आणि खाणारी 4, म्हणजे चुण्यांना 64 सेंमी कापड. एक तुकडा 25, 64, 25 मिळून 114, शिवणीसह 118. असे दोन. कापड आडवं कापायचं, म्हणजे 112 सेंमीच्या पन्ह्यात घाघऱ्याची उंची बसते आणि अडीच मीटरमध्ये काम भागतं. निम्म्या चुण्या एका दिशेला आणि निम्म्या दुसऱ्या, मध्यावर समोरासमोर येतील अशा. नेफा मांजरपाटाचा, दुहेरी, 10 सेंमी उंच आणि 107 लांब: दोन तुकड्यांचे प्रत्येकी 66, त्यातला 25 चा एक पट्टा मागे एकावर एक शिवलेला. दुसरा 25 चा पट्टा नेसताना पुढे एकावर एक येतो. दोन्ही टोकांना मीटरभर बंद.

साटीन नेफ्याला लावू नका. घामाने तो सरकतो आणि घागरा खाली येतो. मांजरपाट अंगाला धरून राहतो. तो दिसणारच नाही, झग्याखाली जातो. चुण्या शिवल्यावर इस्त्रीआधी ओळीत कच्चे टाके घाला आणि प्रयोगाच्या दिवशीच काढा, नाहीतर ट्रंकेत चुण्यांचा चुरगळा होतो. उंची बूट घालून मोजा. घेर जमिनीपासून 2 सेंमी वर हवा, मागे टेकला तरी चालेल.

बाहीच्या टोकाला रंगमंचावर पांढरी लांब झूल असते, तिला पाणबाही म्हणू. पांढरं जॉर्जेट, 36 सेंमी रुंद आणि पहिल्यांदा करणाऱ्यासाठी 50 लांब. खालची शिवण उघडी ठेवा म्हणजे मनगटाच्या झटक्याने ती वर गोळा होते. मलमल वापरलं तर दुसऱ्या प्रवेशात घाम पिऊन जड होतं. पाणबाहीचं खरं काम गड्याचे पंजे झाकणं. पायानंतर सगळ्यात जास्त चुगली करतात ते पंजेच.

केस, जवस आणि ओली जाळी

पुरुषी वेणीसाठी बाजारातलं गंगावन घ्या, 70 सेंमीचं. बायकांच्या शृंगारातली वस्तू इथे पुरुषाची ओळख होते, यावर तालमीत एकदा हसून घ्या. टोपी सहा कळ्यांची, काळ्या साटीनची, वर गाठ. डोक्याचा घेर 57 असेल तर एका कळीचा तळ 9.5 सेंमी अधिक शिवण. वेणी टोपीला शिवू नका. कुणीतरी आदराने टोपी काढतो आणि वेणीही हातात येते! आत डोक्याला काळी पट्टी बांधा आणि वेणी तिला शिवा.

स्त्रीभूमिका करणारा चिनी नट कपाळावर केसांची सात लहान अर्धवर्तुळं आणि दोन्ही गालांवर दोन लांब पट्ट्या चिकटवतो. रुंद जबड्याचा गडी याने लंबगोल चेहऱ्याचा होतो. रंगाने जे जमत नाही ते या पट्ट्या करतात. चिकटायला तिकडे एल्म झाडाच्या ढलप्या भिजवून काढलेलं बुळबुळीत पाणी वापरायचे. आपल्याकडे जवस आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की उतरवा आणि गरम असतानाच मलमलमधून गाळा. गार झालं की गाळलं जात नाही, फडकं फेकावं लागतं. उन्हाळ्यात हे दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून ताजंच करा. गंगावनाच्या बारीक बटा यात भिजवून काचेवर फणीने सपाट करा, आकार द्या, आणि ओल्या असतानाच चेहऱ्यावर लावा. चेहऱ्यावर तेलकट रंग आधीच असेल तर चिकटणार नाहीत. त्या जागा कोऱ्या ठेवा.

यानंतर भुवया आणि डोळ्यांचे कोपरे वर ओढायला डोक्याभोवती पट्टी आवळतात आणि त्यावर काळी जाळी ओली करून गुंडाळतात. जाळी वाळली की आणखी आवळते. थंड बीजिंगमध्ये ती हळूहळू वाळते, पण आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी दहा मिनिटांत. डोकं ठणकतं, मळमळतं, नवखा नट विंगेत ओकतो. म्हणून जाळी फक्त दमट करा, कपाळावर एक बोट आत जाईल इतकी सैल ठेवा, आणि एका माणसाला सांगून ठेवा की प्रवेश संपताच ती सोडायची. भुवया थोड्या कमी चढल्या तर आकाश कोसळत नाही.

कान

हान बाईच्या कानाला एक भोक, मांचू बाईच्या प्रत्येक कानाला तीन. चू यिंगताय आणि तिचा सहाध्यायी ल्यांग शानपो यांच्या रंगमंचावरच्या गोष्टीत तो तिच्या कानाचं भोक बघून शंका घेतो, आणि ती सांगते की गावच्या जत्रेत मी दरवर्षी देवी व्हायचो. खानदेशात हा प्रसंग जसाच्या तसा पडतो, कारण आपल्याकडे मुलांचेही कान टोचतात आणि पुरुषाच्या कानातल्या भोकाचं कुणाला काही वाटत नाही. एक वाक्य आधी पेरावं लागतं की त्या गावात मुलांचे कान टोचत नाहीत. खरं तर तिकडेही दृष्ट लागू नये म्हणून एखाद्या मुलाला मुलीसारखं डूल घालत. मुलगा जगावा म्हणून नाक टोचून त्याला नथू म्हणणाऱ्या घरांना हे समजावून सांगायला नको.

हातात काय

बाईच्या हातात गोल पंखा किंवा रुमाल. विद्वान पुरुषाच्या हातात घडीचा पंखा. मांचू पुरुषाच्या अंगठ्यात धनुर्धराची जाड अंगठी. पुरुषवेषातली बाई घडीचा पंखा एका झटक्यात उघडायला शिकली पाहिजे; दोन्ही हातांनी उघडला की पकडली गेली. उलट दिशेची ओळख सुई-दोरा. 1477 मध्ये सांग छोंग नावाच्या पुरुषाला हालहाल करून मृत्युदंड दिला गेला. बांधलेले पाय आणि भरतकाम शिकवायचं कसब यांच्या जोरावर तो बाई म्हणून घराघरांत शिरायचा आणि अत्याचार करायचा. हे प्रकरण विनोदी प्रवेशात वापरू नका. पण बाईचं काम करणाऱ्या गड्याला सुईत दोरा ओवायला मात्र शिकवा. दोरा ओलावून, टोक चपटं करून, नजर न हलवता. हे दहा सेकंद जमले तर प्रेक्षक चेहऱ्याकडे बघायचं सोडतात.

प्रयोगानंतर बूट ओले असतानाच ट्रंकेत टाकू नका. कापूस काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि सावलीत दोन दिवस ठेवा. उन्हात फोमचे थर सुटतात. लाल टोकांचा एक जादा जोड आणि नायलॉनचा दोरा ओवलेली जाड सुई नेहमी विंगेत ठेवा, दुसऱ्या प्रवेशाआधी लागतेच.